गॅरेज म्हणजे घर नव्हे

"मग तळघरात धप्प आवाज झाला तो कुणी केला? उंदरानं?"

"उंदीर केव्हाच थंडीनं मेले. मी केला."

"म्हणजे हात लावलास तू!"

"लावला. दोन्ही हातांनी लावला. एका हातात काटा फिरवण्याइतका जीव नव्हता."

लिओनेल मिशो घरातल्या बोळात, घराची ऊब ठरवणाऱ्या थर्मोस्टॅटसमोर उभा होता. चष्मा कपाळावर, नाक काट्याला टेकलेलं. त्याची बायको क्लॅरीस उत्तरेच्या खोलीत शिवणाच्या मशीनशी बसलेली, मांडीवर पांढऱ्या साटीनचा ढीग. मधे एक भिंत होती आणि दोघंही त्या भिंतीशी भांडत होते. स्वयंपाकघरात लिओनेलचा धाकटा भाऊ रोमेओ, बरीच वर्षं यांच्याकडेच राहणारा, पावाचा तुकडा कॉफीत बुडवून दोन्हीकडचं ऐकत होता.

"सकल संतांचा सण अजून पंधरा दिवसांवर आहे!" लिओनेल ओरडला.

"संत मेलेले आहेत, त्यांना थंडी वाजत नाही. मी अजून जिवंत आहे."

"पंधरा दिवस धीर निघत नाही तुला?"

"धीर निघतो. सुई निघत नाही. सुईत दोरा जात नाही, मणी हातात राहत नाही, आणि तू मला संत सांगतोस!"

लिओनेलनं काटा कट्कन मागं फिरवला. तळघरातल्या, घर तापवणाऱ्या तेलाच्या भट्टीनं एक उचकी दिली आणि ती गप्प झाली. नळ्यांमधून जेमतेम चढायला लागलेली ऊब निम्म्या वाटेतून परत गेली.

"वहिनी, उद्या चर्चमध्ये मिसा झाल्यावर बर्ट्रांड विचारेल ना, पेटवलं का म्हणून," रोमेओ स्वयंपाकघरातून म्हणाला. "मग आम्ही काय सांगायचं? देवाच्या दारात खोटं बोलायचं?"

"सांग, वहिनीनं घराला आग लावली."

"काय गं तू," लिओनेल दारात येऊन उभा राहिला. आता तो ओरडत नव्हता. ओरडणं संपलं की तो हसायचा, आणि क्लॅरीसला त्या हसण्याचा जास्त राग यायचा. "तू म्हणजे अगदी फ्रिल्यूज झालीस बघ म्हातारपणी."

फ्रिल्यूज म्हणजे थंडीला भिणारी बाई. नदीकाठच्या त्या खोऱ्यात बाईला आळशी म्हटलेलं चालतं, तोंडाळ म्हटलेलं चालतं, फ्रिल्यूज म्हटलेलं चालत नाही. ती शिवी नाही. शिवीला निदान उलट शिवी देता येते.

क्लॅरीसनं साटीनला टोचलेल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि टाचण्यांच्या उशीत खुपसल्या.

त्या खोऱ्यात ऑक्टोबर लागला की पुरुषांना एकच प्रश्न सुचतो. चर्चच्या पायरीवर, पेट्रोल पंपावर, प्रेतयात्रेतसुद्धा. पेटवलं का? ज्यानं भट्टी पेटवली तो मान खाली घालतो आणि घरात तान्हं मूल आहे, म्हातारी आजारी आहे असं काहीतरी पुटपुटतो. ज्यानं पेटवली नाही तो हात मागं बांधून उभा राहतो. सकल संतांच्या सणाच्या, म्हणजे एक नोव्हेंबरच्या, आधी पेटवणारे म्हणजे उन्हाळ्यात तळ्याकाठी येऊन राहणारे दक्षिणेकडचे लोक, असा हिशेब. मिशोंच्या घरात त्या सणाआधी भट्टी पेटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पेटल्यावरही काटा अठ्ठावन्नाच्या पुढं जायचा नाही. अठ्ठावन्न फॅरनहाइट, म्हणजे जेमतेम चौदा सेल्सिअस, म्हणजे अंगात दोन स्वेटर आणि बोलताना तोंडातून वाफ निघेल की काय अशी शंका. तेलवाला मिशोंच्या दारात हिवाळ्यात जितक्यांदा यायचा त्याच्या दुप्पट शेजारी जायचा, आणि लिओनेलला हे पंचक्रोशीला ठाऊक असायला हवं होतं.

पण तेल लिओनेल वाचवत नव्हता. तेल क्लॅरीस वाचवत होती.

ती नदीच्या पलीकडची, कॅनडाच्या बाजूची. बटाटे पिकवणाऱ्या माणसाची पाचवी मुलगी. सुगीत शाळा बंद व्हायची आणि सगळी पोरं ओणवी होऊन बटाटे वेचायची. तेव्हापासून तिला गार माती आणि गार बोटं माहीत होती. तीन बहिणी एका पलंगावर, मधलीला सगळ्यात जास्त ऊब, म्हणून मधली जागा पाळीनं. थंडीचं तिला भय कधीच नव्हतं. पुलावरून नदी ओलांडून ती मिशोंच्या घरात सून म्हणून आली, तेव्हा सासूनं पहिल्या आठवड्यात तिला स्वयंपाक शिकवला नाही. छप्परं वाचायला शिकवलं.

"ते बघ," अल्बेर्टिन सासू पहाटे पुढच्या अंगणात उभी राहून बोट दाखवायची. "ज्याच्या छपरावर बर्फ टिकलंय त्याच्या घरात शहाणी बाई आहे. ज्याचं छप्पर काळं झालं, त्याचं तेल आभाळात चाललंय. आभाळ तापवायचं काम देवाचं, आपलं नाही."

मग बाकीचं शिकवलं. फरच्या डहाळ्या तोडून आणायच्या आणि घराच्या पायाशी चहूबाजूंनी रचायच्या, म्हणजे वारा जमिनीखालून घुसत नाही. खिडक्यांना आतून प्लॅस्टिक चिकटवायचं आणि केस वाळवायच्या यंत्रानं गरम वारा मारून ते ढोलासारखं ताणायचं. ओव्हनमध्ये पाव भाजला की त्याचं दार उघडं टाकायचं. अंघोळीचं कढत पाणी लगेच सोडायचं नाही. टबात तसंच ठेवायचं, गार झालं की मग सोडायचं. पैसे मोजून तापवलेलं पाणी गटाराला कढत का द्यायचं? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्या खोल्यांवाचून अडत नाही त्या बंद करायच्या. दाराशी गोधडीची वळकटी लावायची. मे महिन्यापर्यंत त्या खोल्या घरात नाहीतच असं समजायचं.

क्लॅरीस हे सगळं शिकली आणि सासूच्या पुढं गेली. नवरा कागदाच्या गिरणीत पाळ्या करायचा, दोन्ही पोरं शाळेत, आणि ही शिडीवर चढून खिडक्या बांधतेय. डहाळ्यांच्या चिकानं हात काळे व्हायचे. पण डिसेंबरात गावाची छप्परं काळी-पांढरी ठिगळ लावल्यासारखी दिसायला लागली, की मिशोंचं छप्पर इस्त्री केल्यासारखं पांढरं असायचं. तेव्हा तिला मनातून बरं वाटायचं. खोटं कशाला बोला?

नव्या सुना तिच्याकडे प्लॅस्टिक ताणायची युक्ती विचारायला यायच्या. आणि गेल्याच आठवड्यात चर्चच्या सभागृहात काय झालं? जिल्ह्याच्या कचेरीतून एक मुलगी आली होती, घरगुती वीज आणि तेल कसं वाचवावं हे सांगायला. तिनं आपलं सांगून झाल्यावर विचारलं, इथं कुणाला स्वतःचा अनुभव सांगायचाय का? सगळ्यांनी लिओनेलकडे बघितलं. लिओनेल उठला, घसा खाकरला.

"मी काय करतो," तो म्हणाला, "मी आधी डहाळ्या रचतो. मग मी खिडक्या बंद करतो. मी अंघोळीचं पाणी..."

क्लॅरीस मागच्या बाजूला कॉफीच्या टाकीपाशी उभी होती, लोकांचे कप भरत. एक कप ओसंडला. टाळ्या वाजल्या तेव्हा ती फडक्यानं टेबल पुसत होती. शेजारच्या बाईनं तिला कोपरानं ढोसून म्हटलं, "नशीबवान आहेस गं." क्लॅरीसनं फडकं असं पिळलं की त्यातून निघालेली कॉफी त्या बाईच्या बुटावर पडली.

हेही तिनं गिळलं असतं. तिचं दुखणं होतं उत्तरेची खोली.

ती खोली तिच्या शिवणाची. मोठी खिडकी, दिवसभर सारखा पडणारा उजेड, कापड जमिनीवर अंथरून बेतायला जागा. तिनं पहिला लग्नाचा झगा माहेरी असताना थोरल्या बहिणीसाठी शिवला होता. त्यानंतर खोऱ्याच्या दोन्ही काठांवरच्या किती पोरी तिच्या टाक्यांत लग्न लावून गेल्या. पण खोली उत्तरेची, म्हणजे सगळ्यात गार, म्हणजे सगळ्यात आधी बंद व्हायची. सकल संतांच्या सणाआधीच्या रविवारी लिओनेल मशीन उचलून स्वयंपाकघरात आणायचा. चार दिवस ते जेवणाच्या टेबलावर राहायचं, मग जेवायला अडचण होते म्हणून खाली, मग भिंतीकडे, मग झाकणाखाली. डुकराची चरबी जिथं कढते तिथं पांढरं साटीन कोण आणणार? हिवाळ्यातली कामं ती नाकारायला लागली. गेल्या वर्षी दोन पोरी परत पाठवल्या, त्या दक्षिणेकडच्या शहरातल्या दुकानात गेल्या. लोक एकदा दुसरीकडे जायला शिकले की उन्हाळ्यातही तिकडेच जातात. आणि दर मे महिन्यात खोली उघडली, की बोटांना पुन्हा वळायला पहिल्यापेक्षा जास्त दिवस लागायचे. एकसष्टाव्या वर्षी तिला एक गोष्ट नीट कळली होती. या हिवाळ्यात ही खोली बंद झाली, तर मे महिन्यात उघडायला ती शिवणारी उरणार नव्हती.

म्हणून बर्ट्रांड सीरच्या धाकट्या लेकीचं, कोलेटचं, काम तिनं घेतलं होतं. नाताळानंतरचं लग्न. साटीनचा झगा, गळ्याला आणि मनगटांना हातानं शिवलेले मणी. काम घेतलं त्या दिवशीच तिनं जेवताना सांगितलं होतं, या वर्षी खोली बंद करायची नाही. लिओनेल "बघू" म्हणाला होता. लिओनेलचं बघू म्हणजे नाही. फक्त ते सांगायला त्याला दोन आठवडे लागायचे.

आता तो दारातून खोलीतलं कापड न्याहाळत होता.

"स्वयंपाकघरात शिव की. तिथं ओव्हनची ऊब असते."

"आणि चरबीचे शिंतोडे असतात. आणि तुझा भाऊ असतो."

"मी काय केलं आता?" रोमेओ म्हणाला.

"तू खातोस. खाताना उडवतोस."

"क्लॅरीस, ऐक," लिओनेल समजुतीच्या सुरात म्हणाला. "एका खोलीसाठी अख्खं घर तापवायचं म्हणजे एका वाटाण्यासाठी हंडा चढवायचा. तूच मला हे शिकवलंस."

"मी शिकवलं हे सभागृहात सांगायचं होतंस."

त्यानं कपाळावरचा चष्मा खाली ओढला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाला, "बर्ट्रांड आणि त्याचा मेव्हणा आले असतील. आम्ही गॅरेजात आहोत. आणि डहाळ्या कालपासून अंगणात पडल्यात, त्या आज रचल्यास तर बरं. आज रात्री आणखी बर्फ पडेल म्हणतात."

दोघं भाऊ मागच्या दारानं गेले. गॅरेज घराच्या पाठीमागं होतं. दर शनिवारी दुपारी तिथं पत्त्यांचा डाव असायचा. बायकांनी गॅरेजात जायचं नाही असं कुणी म्हटलेलं नव्हतं. बायका जात नव्हत्या, इतकंच.

क्लॅरीसनं साटीन चादरीत गुंडाळलं. दोन स्वेटरांवर लिओनेलचा जुना कोट चढवला, हातमोजे घातले आणि ती अंगणात गेली. रागात काम चांगलं होतं. तिनं डहाळ्यांचा भारा ओढत घराच्या पुढच्या बाजूनं रचायला सुरुवात केली. एकेक डहाळी भिंतीशी अशी दाबत होती की जणू भिंतीनंच काही केलंय. फ्रिल्यूज. बर्फात उभी राहून फ्रिल्यूज बाई घराला पांघरूण घालतेय आणि न भिणारे पुरुष पत्ते कुटताहेत. पूर्वेची बाजू झाली. ती वळसा घालून उत्तरेच्या भिंतीकडे आली.

पहाटे बर्फाचा पहिला हलका थर पडला होता, नेहमीपेक्षा लवकर. सवयीनं तिनं मान वर केली आणि आपलं छप्पर वाचलं. पांढरं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकही डाग नाही. मग पाठीला कळ आली म्हणून ती उलटी वळली.

गॅरेजचं छप्पर काळं होतं.

नुसतं काळं नव्हे, ओलं. पन्हळीतून पाणी टपटपत होतं. खाली बर्फात पाण्यानं एक लांब रेघ खोदली होती आणि त्या रेघेत चक्क हिरवं गवत उभं होतं. ऑक्टोबरात.

क्लॅरीस डहाळी हातात धरून बघत राहिली. इतक्या वर्षांत हे तिला कसं दिसलं नाही? मग तिनं आपल्या खिडकीकडे बघितलं. गॅरेजकडे तोंड करणारी घरातली एकच खिडकी, ती उत्तरेच्या खोलीची. दर वर्षी बर्फ पडायच्या आत तिला प्लॅस्टिक लागायचं आणि खोलीचं दार मे महिन्यापर्यंत बंद व्हायचं. प्लॅस्टिक तिनंच लावायचं. ढोलासारखं ताणून.

तिनं गॅरेजचं दार उघडलं आणि ती आंधळी झाली.

चष्म्यावर वाफ धरली होती. समोर नुसता पांढरा पडदा, आणि त्या पडद्यामागून उबेची लाट तोंडावर आली. पाव भाजताना ओव्हन उघडला की येते तशी.

"अगं दार लाव, दार लाव!" बर्ट्रांडचा आवाज आला. "सगळी ऊब चाललीय बाहेर!"

क्लॅरीसनं दार लावलं. चष्मा काढून कोटाच्या अस्तरानं पुसला आणि पुन्हा घातला. चौघंजण पत्त्यांच्या टेबलाभोवती बसलेले. रोमेओच्या अंगात नुसता बनियन. बर्ट्रांडनं बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. लिओनेलचा स्वेटर, तिनं विणलेला, खुर्चीच्या पाठीवर लोंबत होता. कोपऱ्यात छताखाली विजेचा एक मोठा हीटर लाल होऊन गुरगुरत होता.

हीटरच तेवढा बोलत होता.

"तो... रंगासाठी आहे," लिओनेल शेवटी म्हणाला.

"कशासाठी?"

"रंगाचे डबे." त्यानं फळीकडे बोट दाखवलं. फळीवर घराला लावून उरलेल्या रंगाचे चार डबे होते. "रंग गोठला की फाटतो. मग फुकट जातो."

"रंगाला थंडी वाजते," क्लॅरीस म्हणाली.

"तसं नव्हे गं..."

"फ्रिल्यूज आहे तुझा रंग."

बर्ट्रांडच्या मेव्हण्याला हसू फुटलं. बर्ट्रांडनं त्याला टेबलाखालून लाथ मारली असावी, कारण टेबल हललं.

"किती वर्षं?" क्लॅरीसनं विचारलं.

"मी राहायला आलो ना, त्याच वर्षी वायर ओढली," रोमेओ म्हणाला. तो भोळा माणूस. विचारलं की सांगून टाकायचा. "घरातूनच ओढलीय. तुझ्या कपडे धुवायच्या यंत्रामागून."

"रोमेओ!"

"काय रोमेओ? तिनं विचारलं."

"हे बघ क्लॅरीस," लिओनेल उठून उभा राहिला. "उगाच मोठं करू नकोस. घराचं घर आणि गॅरेजचं गॅरेज. गॅरेज म्हणजे काही घर नव्हे."

"सगळ्यांकडेच आहे असं," बर्ट्रांड मदतीला धावला. "आमच्याही गॅरेजात आहे. त्याला काय पेटवणं म्हणतात? पेटवणं म्हणजे भट्टी पेटवणं."

तो हे अगदी मनापासून म्हणत होता, आणि क्लॅरीसला राग आला तो त्याचाच. यांतलं कुणीच खोटं बोलत नव्हतं. चर्चच्या पायरीवर "पेटवलं का" असं विचारलं की "नाही" म्हणताना त्यांच्या डोळ्याची पापणी लवत नव्हती. घर पेटवलं का विचारतात. गॅरेज पेटवलं का असं त्या खोऱ्यात आजवर कुणी कुणाला विचारलेलं नव्हतं. घरात थंडी सोसतात बायका, आणि त्या सोसण्याची बढाई पुरुष मारतात, बनियनवर बसून.

"बर्ट्रांड," ती म्हणाली, "तुझ्या लेकीचा झगा मी त्या भिंतीपलीकडे शिवतेय. काल गळ्याचे मणी लावताना माझ्या बोटातून रक्त आलं, आणि मला ते कळलं कधी? साटीनवर डाग दिसला तेव्हा. बोटात जीवच नव्हता. गळ्याची पट्टी उसवून नवी बेतावी लागली."

बर्ट्रांडनं हातातले पत्ते पालथे ठेवले.

क्लॅरीसनं कोपऱ्यातलं एक स्टूल पायानं ओढलं, हीटरखाली मांडलं आणि त्यावर बसली. हातमोजे काढून गुडघ्यावर ठेवले. चौघं तिच्याकडे बघत होते. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ती आपली बोटं बघत होती. आधी ती पांढरी होती, मेणाची असावीत तशी. मग टोकांना मुंग्या आल्या, मग कळा आल्या. कळा इतक्या, की डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही, लपवलंही नाही. मग हळूहळू बोटं लाल झाली. तिनं ती उघडली, मिटली. पुन्हा उघडली.

"तू इथं बसून राहणार आहेस का?" लिओनेलनं विचारलं.

तिनं स्वेटरच्या कॉलरला टोचलेली सुई काढली. शिवणाऱ्या बाईच्या अंगावर एक सुई असतेच. खिशातल्या रिळाचा दोरा तोडला, ओठांत ओला केला. आणि एका झटक्यात, डोळा बारीक न करता, दोरा सुईच्या नेढ्यातून आरपार गेला.

मघाशी याच सुईशी तिनं इतका वेळ झगडा केला होता, की शेवटी सुई भिरकावून ती थर्मोस्टॅटकडे गेली होती.

दोरा ओवलेली सुई तिनं पुन्हा कॉलरला टोचली, उठली आणि बाहेर गेली. दार तिनं नीट लावलं. ऊब वाया घालवणं तिच्या अंगात नव्हतं.

उत्तरेच्या भिंतीच्या डहाळ्या रचून झाल्यावरच ती घरात शिरली.

संध्याकाळी टेबलावर शनिवारचं नेहमीचं जेवण होतं. आदल्या दिवसापासून ओव्हनमध्ये मंद शिजत ठेवलेल्या घेवड्याच्या बिया, आणि कुट्टूच्या पिठाची पिवळी धिरडी. ओव्हनचं दार उघडं होतं. तिघं जेवायला बसले. लिओनेलनं धिरड्याला लोणी लावलं, गुंडाळी केली, आणि ती हातातच राहिली.

"मी विचार केला," तो म्हणाला. "तू म्हणतेस ना, तर काटा साठावर नेऊ. सणानंतर. तुझ्या खोलीचं दार उघडं ठेवू, जाईल तेवढी ऊब जाईल."

"साठावर बोटं वळत नाहीत."

"मग बासष्ट. यापुढं नाही हं. बासष्टावर अख्खं घर म्हणजे... लोक काय म्हणतील?"

"काही म्हणणार नाहीत. मला काटा वाढवायचा नाहीये."

लिओनेलनं रोमेओकडे बघितलं. रोमेओनं धिरड्याकडे.

"मग भांडत कशाला होतीस?"

"तेव्हा मला वाटत होतं घरात ऊब नाही. ऊब आहे. भरपूर आहे. नको त्याच्या बुडाखाली आहे, एवढंच." तिनं लिओनेलच्या ताटात आणखी बिया वाढल्या. "एका खोलीसाठी अख्खं घर तापवायचं नाही, हे तू म्हणालास ते खरं आहे. मीच शिकवलंय. एक खोली तापलेली असताना दुसरी तापवायची नाही, हेही त्यातच आलं."

"वहिनी, तो हीटर छताला पक्का बसवलाय," रोमेओ घाईघाईनं म्हणाला. "वेगळ्या वायरवर आहे. तो काढून तुझ्या खोलीत नाही बसवता येणार, आधीच सांगतो."

"तो कुणी काढायला सांगितलाय?"

लिओनेलच्या हातातली गुंडाळी ताटात पडली. कागदाच्या गिरणीत चाळीस वर्षं काढलेला माणूस. यंत्र कुठं फिरणार हे त्याला आवाजावरून कळायचं.

"क्लॅरीस. बर्ट्रांड आणि ते लोक दर शनिवारी येतात. त्यांना मी काय सांगू?"

"सांग, गॅरेज म्हणजे घर नव्हे. पाहुण्यांना घरात बसवतात."

"थट्टा करू नकोस."

"मी थट्टा करत नाहीये." तिनं हात पुसले, फडक्याची घडी घातली आणि ती टेबलाच्या कडेला ठेवली. "सोमवारी सकाळी माझं मशीन गॅरेजात जाईल. रोमेओ उचलेल. बेतायचं टेबल, आरसा आणि कोलेटचा झगा मी नेईन. तुमचं पत्त्यांचं टेबल उत्तरेच्या खोलीत लावा, खिडकीचं प्लॅस्टिक मी उद्याच ताणून देते. येताना कोट घालून या. भट्टी सकल संतांच्या सणालाच पेटेल आणि काटा अठ्ठावन्नावर राहील. रंगाचे डबे आहेत तिथंच राहू देत."

आणि तिनं ओव्हनमधली शेवटची धिरडी काढून रोमेओच्या ताटात टाकली, कारण सोमवारी त्याला वजन उचलायचं होतं.